चेंडूचं अंडं का होतं?

'माणसाचा डोळा म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स' हे थ्री-डी शिकवताना इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला ते विज्ञानच वाटतं. डोळ्याला असा एकच आकडा चिकटवता येत नाही. तरी ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमधला नवा कॅमेरा ५० मिमीवरच येतो आणि त्याचं चित्र डोळ्यांना खटकत नाही, हेही खरं. कारण डोळ्यात नाही, तुमच्या खुर्चीत आहे.

संगणकातल्या कॅमेऱ्याला भिंग नसतंच. दृश्यातल्या प्रत्येक ठिकाणाहून एका बिंदूकडे सरळ रेषा येते. वाटेतल्या चौकटीला ती जिथे छेदते, तिथे चित्र उमटतं. बिंदूपासून चौकटीचं अंतर म्हणजे नाभीय अंतर, अर्थात फोकल लेंग्थ. चौकटीची रुंदी म्हणजे सेन्सर, ब्लेंडरमध्ये ३६ मिमी. समरूप त्रिकोणांपलीकडे यात काही नाही. ५० मिमीला कॅमेऱ्याच्या नजरेचा आडवा कोन ३९.६ अंश, १८ मिमीला बरोबर ९०. फोकल लेंग्थ आणि सेन्सर दोन्ही दुप्पट केले तर चौकटीत तेच दृश्य राहतं (डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसबाहेरचं धूसर दिसणं, चालू असेल तर धूसरपणा मात्र बदलतो).

आता १८ मिमीच्या चित्रात उजव्या कडेला चेंडू ठेवा. तो अंड्यासारखा दिसेल. सपाट चौकटीवर, मध्यापासून θ कोनावरची वस्तू मध्यापासून बाहेरच्या दिशेने १/cos²θ पट ताणली जाते, त्या दिशेच्या काटकोनात फक्त १/cosθ पट. म्हणजे लांबटपणा उरतो १/cosθ. कडेला θ ४५ अंश, म्हणून चेंडू १.४१ पट लांब. ५० मिमीला कड वीसेक अंशांवर असते आणि ताण जेमतेम ६ टक्के. तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

गंमत अशी की ते अंडं चुकीचं नाही. डोळा योग्य जागी नेला तर त्याचा पुन्हा चेंडू होतो. ती जागा काढायला चित्राची रुंदी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले ३६. पडद्यावर चित्र ५० सेंमी रुंद असेल तर १८ मिमीसाठी २५ सेंमी, म्हणजे शाळेत शिकलेलं सुस्पष्ट दृष्टीचं लघुत्तम अंतर! एक डोळा मिटा, दुसरा पडद्याच्या मध्यासमोर तेवढा जवळ न्या आणि पाहा. ५० मिमीसाठी उत्तर येतं ६९ सेंमी. आपण संगणकासमोर साधारण तितकेच लांब बसतो. म्हणूनच ५० मिमीचं चित्र नैसर्गिक वाटतं.

बिल्डरच्या जाहिरातीतला ऐसपैस हॉल याच गणिताचं अपत्य. ३ मीटर रुंद, ३.६ मीटर खोल खोली घ्या. मागच्या भिंतीला जवळजवळ टेकून, समोरच्या भिंतीपासून ३.५ मीटरवर १८ मिमीचा कॅमेरा लावला, तर बाजूच्या भिंती २ मीटरपर्यंत दिसतात आणि समोरची भिंत चित्राची फक्त ४३ टक्के रुंदी व्यापते. खोली बोगद्यासारखी लांब भासते. ३५ मिमीने बाजूच्या तेवढ्याच भिंती दाखवायच्या तर समोरच्या भिंतीपासून ४.९ मीटरवर जावं लागतं, म्हणजे खोलीबाहेर. मग समोरची भिंत ५९ टक्के जागा घेते आणि खोली खोलीएवढीच वाटते. खऱ्या छायाचित्रकाराला भिंत आडवी येते, इथे येत नाही. क्लिप स्टार्ट, म्हणजे ज्याच्या अलीकडचं कॅमेरा दाखवत नाही ते अंतर, १.३५ मीटर करा; मागची भिंत कॅमेऱ्यापुरती गायब होते. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये (अंतिम चित्र तयार करणाऱ्या भागात) प्रकाशाला ती अडवतेच, त्यामुळे बाहेरचं ऊन आत शिरत नाही.

हे आकडे बदलायला कॅमेरा निवडून उजवीकडचा हिरवा कॅमेऱ्याचा टॅब उघडा. कीबोर्डवरचं एन दाबल्यावर येणाऱ्या पट्टीत व्ह्यूखालीही फोकल लेंग्थ असते; ती फक्त काम करतानाच्या दृश्याची. ती बदलून 'रेंडरमध्ये फरकच पडत नाही' म्हणणारे पुष्कळ. त्यासाठी आधी नमपॅडचं शून्य दाबून कॅमेऱ्यातून बघायची सवय लावावी.

उभ्या रीलमध्ये आणखी एक फसगत. सेन्सर फिट (सेन्सरचा आकडा चौकटीच्या कोणत्या बाजूला लावायचा ते) ऑटोवर असेल तर ३६ मिमी लांब बाजूला, म्हणजे उंचीला लागतात. १०८० बाय १९२० च्या चौकटीत ५० मिमीचा आडवा कोन २२.९ अंशांवर येतो आणि पात्रांचे खांदे कापले जातात. रुंदी जपायची तर फिट हॉरिझॉन्टल करा. पण आधी प्रेक्षकाचा हिशोब मांडा: १२ सेंमी उंच चित्र, फोन ३० सेंमीवर. ऑटोवरच ठेवलं तर योग्य फोकल लेंग्थ ३० गुणिले ३६ भागिले १२, म्हणजे ९० मिमी.