अधिवास व उत्पन्नाची अट (सातारा–सांगली)

प्रौढ वयात शिक्षण किंवा कौशल्य प्रशिक्षण घेणाऱ्यांना सरकारी शुल्कसवलत, शिष्यवृत्ती वा विद्यावेतन देताना लावले जाणारे दोन निकष. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी हवा आणि बहुतेक योजनांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत हवे. बोलण्यात यांना ‘डोमिसाईल’ आणि ‘उत्पन्नाचा दाखला’ म्हणतात. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून जातो, उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात.

डोमिसाईलसाठी साधारणपणे राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गावातच वाढलेल्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड यांवर भागते. खरी अडचण बाहेर जाऊन परतणाऱ्यांची. खानापूर-आटपाडी भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. घर, शेत आणि जत्रा गावची. पण मुलांचा शाळेचा दाखला परराज्यातला. आयटीआयला कमाल वयाची अट नाही. तरीही तिशीत गावी परतून वायरमनचा कोर्स करू पाहणारा राज्याच्या कोट्यासाठी या कागदापाशी अडतो. जत तालुक्यात कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या सुनांचे तसेच: दाखल्यावर माहेरचे नाव आणि पलीकडचे गाव. त्यांनी विवाह नोंदणी आधी करून घ्यावी, पतीची कागदपत्रे जोडायला तिचाच आधार मिळतो.

उत्पन्नाच्या अटीला या भागाशी जोडलेला इतिहास आहे. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली. हीच ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासवर्गाची सवलत. आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा 8 लाख रुपये आहे, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाख. नॉन-क्रिमीलेयरची, म्हणजे ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणाऱ्या, सधन गटात नसल्याच्या दाखल्याची मर्यादाही 8 लाखच, पण तिथे पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी दोन्ही धरतात. म्हणून उसाच्या बिलावर चालणारे एकच घर एका दाखल्याला पात्र, दुसऱ्याला अपात्र ठरू शकते. पाटण-जावळीतून मुंबईला माथाडी कामाला गेलेल्यांचे डोमिसाईल अडत नाही. त्यांची मिळकत मुंबईची आणि सातबारा गावचा, त्यामुळे तलाठ्याच्या अहवालात नेमके काय धरायचे यावर घोळ होतो.

सगळ्याच योजनांना उत्पन्नाची अट नाही. 15 वर्षांवरील निरक्षरांसाठीचा उल्लास कार्यक्रम सर्वांना खुला आहे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वय आणि अधिवास पाहिला गेला, उत्पन्न नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यातूनच सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीमही गावातल्या प्रत्येक निरक्षर प्रौढासाठी होती, आणि प्रौढशिक्षणाला हीच पद्धत शोभते.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत सहसा 31 मार्चला संपते. जुना दाखला जोडल्याने अर्ज परत येतो. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही, तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोचपावती जपून ठेवावी.