ऑइल बदललं, पण सर्व्हिसिंग झाली का?

सोलापुरात कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा, "सर्व्हिसिंग कधी केली?" उत्तर ठरलेलं असतं, "परवाच ऑइल बदललं की ओ." प्रश्न एका कामाचा असतो, उत्तर दुसऱ्याच कामाचं. विचारणाराही मान डोलावतो, कारण त्याच्याही डोक्यात दोन्ही एकच असतं. त्यात आपल्याकडं गाडी पाण्याच्या प्रेशरनं धुऊन देणाऱ्या जागेवरही 'सर्व्हिसिंग सेंटर' अशी पाटी असते. त्यामुळं 'गाडी सर्व्हिसिंगला लावली' याचा अर्थ ऑइल, धुणं आणि खरी सर्व्हिसिंग यांपैकी काहीही होऊ शकतो. बोलताना चालतं. गाडीला चालत नाही.

हे मला शहाणपणातून कळलेलं नाही, खिशातून कळलंय. आमची पिकअप वर्षभर अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे उचलते. हंगामात सांगोल्याकडून डाळिंबाचे क्रेट आणते, थंडीत मार्केट यार्डात कांदा ओतते. मी हिशेबी माणूस. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही, वहीत तारीख, किलोमीटर आणि पुढं एकच शब्द, 'सर्व्हिसिंग'. अशा सात नोंदी होत्या, एकही चुकली नव्हती. आणि एके दिवशी माल भरून तुळजापूरचा घाट चढताना मागून घूं ऽऽ असा आवाज यायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढायचा, सोडला की सूर बदलायचा.

मिस्त्रीनं गाडीखाली सरकून हाऊसिंगचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा (डिफरन्शियलचा), वरचा बोल्ट खोलला आणि भोकात करंगळी वाकवून घातली. तिथं ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावं लागतं. बोट जवळजवळ कोरडं बाहेर आलं, टोकाला नुसता काळा चिकटा. तो चिकटा त्यानं उन्हात धरला तर आत बारीक चकाकी दिसली. क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे आतल्या गिअरच्या, दातांचं लोखंड होतं ते. पिनियनच्या सीलमधून थेंब थेंब गळती कितीतरी महिने चालू असणार. हाऊसिंगच्या तोंडाशी धूळ चिकटून काळा थर बसला होता, तो खाली वाकणाऱ्या कुणालाही दिसला असता.

"मालक, वहीत तर सर्व्हिसिंग लिहिलंय सात वेळा," तो म्हणाला.

"केलीच की."

"ऑइल बदललं तुम्ही. खाली कोण शिरलं होतं?"

कुणीच नाही. मी ज्या गॅरेजमध्ये जायचो तिथं मी 'ऑइल बदला' म्हणायचो, ते ऑइल बदलायचे. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. वहीत शब्द मी चुकीचा लिहीत होतो.

तर आधी ऑइल बदलणं म्हणजे नेमकं काय ते बघू. इंजिन थोडं गरम असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचा, खालचा बोल्ट काढायचा, ऑइल पूर्ण निथळू द्यायचं, बोल्टचा वायसर नवा टाकायचा, ऑइल फिल्टर बदलायचा, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवून तो हातानं आवळायचा, ठरलेलं माप ओतायचं. मग इंजिन एकदा चालू करून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघायची. अर्ध्या तासाचा खेळ. काही जण पैसे वाचवायला फिल्टर 'पुढच्या वेळी' वर ढकलतात. तसं करू नका. फिल्टर चोंदला तर त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता तसंच इंजिनात फिरायला लागतं. नवं ऑइल, जुनी घाण.

हे काम महत्त्वाचं नाही असं अजिबात नाही. इंजिन ऑइल नुसतं वंगण नसतं. ते उष्णता वाहून नेतं, जळणातून तयार होणारी काजळी अंगात धरून ठेवतं, आम्ल मारतं. ही ताकद हळूहळू संपते. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसायला लागतं, म्हणजे ते काजळी धरतंय, आपलं काम करतंय. म्हणून पट्टीवरचा रंग बघून 'अजून बरं आहे' किंवा 'वाया गेलं' ठरवण्यात अर्थ नाही. वेळापत्रक बघायचं.

आणि वेळापत्रक म्हटलं की सर्व्हिसिंग सुरू होते. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल बहुतेकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतं. ते काढा. त्यात एक तक्ता असतो. डावीकडं भागांची नावं, वर किलोमीटर आणि महिने, आणि चौकोनांत खुणा. एका खुणेचा अर्थ 'तपासा', दुसरीचा 'बदला'. इंजिन ऑइल ही त्या तक्त्यातली एक ओळ आहे. बाकीच्या ओळींना स्वतःची घड्याळं आहेत, आणि प्रत्येक घड्याळाला दोन काटे. किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते. ऑइल बदली म्हणजे एकच ओळ पुरी करणं. सर्व्हिसिंग म्हणजे आज मीटरवर जो आकडा आहे त्या रकान्यातल्या सगळ्या खुणा वरून खालपर्यंत पुऱ्या करणं. म्हणूनच काही सर्व्हिसिंगमध्ये ऑइल बदललंच जात नाही. काही मॉडेलच्या पहिल्या फ्री सर्व्हिसला फक्त तपासणी असते. (आणि 'फ्री' म्हणजे मजुरी फ्री. ऑइल-फिल्टर लागले तर त्यांचे पैसे द्यावेच लागतात. यावरून काउंटरवर होणारी भांडणं मी बरीच ऐकली आहेत.)

आता सोलापूरच्या गाडीला या ओळींपैकी कुठल्या जास्त झोंबतात? पहिली एअर फिल्टर. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यांवर जो फुफाटा असतो तो ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको. कडबा भरताना तर फिल्टर डोळ्यांदेखत भरतो. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी, धूर जास्त, डिझेल जास्त, आणि चढाला गाडी मेल्यासारखी. फाटलेला फिल्टर त्याहून वाईट, कारण बारीक धूळ सिलिंडर घासते. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी प्रेशरनं. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. ऑइल बदलीत एअर फिल्टरचा डबा उघडलाच जाईल असं नाही.

दुसरी ओळ कूलंटची. इथं माझं नेहमी भांडण होतं. "कूलंट थंडीसाठी असतं, आपल्याकडं बर्फ कुठं पडतोय," असं म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. कूलंट गोठणं टाळतं तसं उकळणंही लांबवतं, आणि त्यातली रसायनं आतला गंज रोखतात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेलेला असताना हौदा भरून निघायचं, तर उकळणं लांबवण्याचीच गरज आपल्याला. बोअरच्या जड पाण्यातला क्षार चहाच्या भांड्याला बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांना आतून बसतो. तयार कूलंट मिळतं ते घाला, नाहीतर घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळा. तेही ठरलेल्या मुदतीला बदलावं लागतं, नुसतं वरून भरत राहायचं नसतं.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं. ते काढायला खाली छोटा स्क्रू असतो, मिनिटाचं काम.

ब्रेक ऑइलकडं तर कुणी बघतच नाही, कारण डब्यातली पातळी सहसा ठीक दिसते. गोम अशी की हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. तुळजापूरहून माल भरून घाट उतरताना पायाखाली ब्रेक सतत असेल तर उष्णता आतल्या ऑइलपर्यंत पोहोचते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. डबा भरलेला असतो, ब्रेक मात्र नसतो. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. गाडी कमी चालली तरीसुद्धा, कारण इथं महिन्यांचा काटा आधी येतो. 'आमची गाडी फिरतच नाही' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हाऊसिंगचं सांगितलंच. गिअरबॉक्सला धरून एक पुरवणी जोडतो. दोन्हीकडं 'गिअर ऑइल' म्हणून एकच डबा ओतायची सवय आहे. हाऊसिंगला सहसा जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४. जीएल-५ मधली जास्तीची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना सोसत नाहीत, मग गिअर कटकट करायला लागतो. डब्यावर आणि मॅन्युअलवर दोन्हीकडं लिहिलेलं असतं, वाचायला फुकट आहे.

आता धुण्याविषयी, कारण त्याचाही 'सर्व्हिसिंग'मध्ये घोळ आहे. कमानीच्या पिना, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, जिथं ग्रीसचे निपल आहेत तिथं प्रेशरचं पाणी शिरतं आणि ग्रीस हुसकावून लावतं. म्हणून आधी धुणं, मग ग्रीसिंग. ग्रीस गन मारताना जुनं मळकं ग्रीस कडेनं बाहेर येऊन त्यामागून नवं दिसेपर्यंत मारायचं. ग्रीसिंग करून वर धुऊन आणलेली चकाचक पिकअप बघितली की मला वाईट वाटतं.

एवढं वाचून 'मग नुसतं ऑइल बदलणं चूकच' असं वाटलं असेल तर तसंही नाही. मॅन्युअलमध्ये एक बारीक अक्षरातली ओळ असते. धूळ, जड भार, सततची थांब-चाल, अशा खडतर वापरात ऑइल-फिल्टर लवकर बदला म्हणून. आपली पिकअप या तिन्हींत बसते. मीटरही पूर्ण खरं बोलत नाही. कांद्याच्या हंगामात यार्डाबाहेरच्या रांगेत इंजिन तास तास चालू राहतं, किलोमीटर शून्य, ऑइलचं वय मात्र वाढतंय. अशा वेळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एकट्या ऑइल-फिल्टरची बदली करणं हे शहाणपणाचंच काम आहे. फक्त वहीत तिचं नाव 'ऑइल बदली' असावं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांना या रांगेचा आणखी एक त्रास आहे. बहुतेकांच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. गाडी चांगली गरम होऊन लांब पळाली की ती काजळी जाळली जाते. रांगेत उभं राहून किंवा शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं. त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. मग पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं! खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय. या गाड्यांना ऑइलही कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच हवं. काजळी जळून जाते, राख डीपीएफमध्ये तशीच राहते. जुन्या गाडीचा उरलेला डबा यात रिकामा करणं म्हणजे शंभराचं वाचवून हजारोंचं बिल ओढवून घेणं.

पासिंगचंही एक वाक्य. 'गेल्याच महिन्यात पासिंग झालं, गाडी टकाटक आहे' असं म्हणणारे बरेच. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तो गाडी रस्त्यावर इतरांसाठी धड आहे का ते बघायला. तिथं दिवे, ब्रेक, स्टेअरिंग, रिफ्लेक्टर टेप बघतात. तुमच्या हाऊसिंगमध्ये कुणी बोट घालत नाही.

गॅरेजवाल्याशी बोलताना मी आता 'सर्व्हिसिंग करा' एवढंच म्हणत नाही. मॅन्युअलच्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढं धरतो आणि आजच्या किलोमीटरच्या रकान्यावर बोट ठेवतो. पहिल्यांदा मिस्त्री हसला, दुसऱ्यांदा त्यानं स्वतःच फोटो मागितला. बिल हातात आल्यावर त्यात ऑइल, फिल्टर आणि मजुरी एवढ्याच तीन ओळी असतील तर झालेलं काम ऑइल बदलीचं आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

वहीही बदलली. आडव्या पानावर रकाने पाडलेत. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स, हाऊसिंग, ग्रीसिंग. हाऊसिंगच्या रकान्यात पहिली नोंद मोठ्या बिलाची आहे. ब्रेक ऑइलचा रकाना दिवाळीत भरायचाय, कांद्याच्या रांगा लागायच्या आधी.