सरकारी भरतीतला इंग्रजीचा पेपर

एमपीएससी, युपीएससी, स्टाफ सिलेक्शन, बँक, तलाठी अशा भरत्यांमधे उमेदवाराचं इंग्रजी तपासायला जो वेगळा पेपर किंवा सेक्शन असतो तो हा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांमधे त्याला नुसतं 'इंग्लिश' म्हणतात, आणि कोणता फॉर्म भरायचा नि कोणता सोडायचा हे बरेचदा त्याच्यावरच ठरतं.

त्याचं वजन सगळीकडे सारखं नाही. पोलीस शिपायाच्या लेखीत इंग्रजी नाहीच, गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि मराठी व्याकरण झालं की संपलं. रेल्वेच्या एनटीपीसी (क्लार्क, स्टेशन मास्तर वगैरे) आणि ग्रुप डी ला पण नाही, वर पेपर मराठीतून देता येतो. ग्रामीण बँकेच्या प्रिलिमला म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेला नाही, मेन्सला म्हणजे मुख्य परीक्षेला हिंदी नाहीतर इंग्रजी यातलं एक घ्यायचं, मग आपली पोरं हिंदी घेतात, त्यात काय नवल. याच्या उलट स्टाफ सिलेक्शनच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएलला, पहिल्या टप्प्यात म्हणजे टियर १ ला, २०० पैकी ५० मार्क इंग्रजीचे आणि उत्तर चुकलं की अर्धा मार्क कट. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या, प्रिलिमला २० मिनिटांत ३० प्रश्न. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह नव्हतं म्हणून तिथे तुक्का तरी मारता आला.

विचारतात काय तर एरर शोधा, रिकाम्या जागा, समानार्थी, म्हणी, वाक्यांचा क्रम लावा. बोलता येतं का हे कुणीच बघत नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं तरी आर्टिकलवर अजून गाडी अडते, कारण मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' हा प्रकारच नाही. 'युनिव्हर्सिटी' ला 'अ' आणि 'ऑनेस्ट' ला 'अ‍ॅन' का, तर स्पेलिंग नाही उच्चार बघायचा, हे एकदा डोक्यात बसलं की तो एक मार्क हातचा.

अहिराणी ही आपली खानदेशी बोली बोलणाऱ्याची अडचण अजून वेगळी, ती क्लासमधे कुणी सांगत नाही. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास, ती पण जासच, एकवचनात सगळ्यांना शेवटी 'स'. इंग्रजीत तो 'स' फक्त 'ही', 'शी', 'इट' अशा तृतीयपुरुषी एकवचनाला लागतो. मग घाईत 'आय गोज' बरोबर वाटून जातं आणि पोरगं बाहेर येऊन म्हणतं, भो, इंग्लिशनी वाट लाई दिनी. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या भिली, पावरी बोलणाऱ्या पोरांना तर मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी का चौथी.

वरच्या परीक्षांना इंग्रजी फक्त पास व्हायला लागतं. युपीएससी मेन्सला ३०० मार्कांचा पेपर, २५ टक्के म्हणजे ७५ आणायचे, मेरिटमधे धरत नाहीत, पण ७५ नाही आले तर बाकीचे पेपर तपासत पण नाहीत. निबंध, उतारा, एक तृतीयांश सारांश, व्याकरण असं सगळं हाताने लिहायचं. २०२५ पासून एमपीएससीच्या राज्यसेवेच्या मेन्सला पण हाच प्रकार आला, मराठीचा ३०० चा आणि इंग्रजीचा ३०० चा, दोन्ही क्वालिफाइंग, म्हणजे नुसते पास व्हायचे. ऑब्जेक्टिव्हवर वाढलेल्यांना हे जड जातं, कारण चार पर्यायातून बरोबर वाक्य ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पानावर स्वतःचं वाक्य उभं करणं वेगळं.

युपीएससीत यावरून भांडणंही झालीत. २०१३ ला इंग्रजीचे १०० मार्क मेरिटमधे धरायचं ठरलं होतं, विरोध झाल्यावर मागे घेतलं. २०११ ला आलेल्या सीसॅटमधल्या (प्रिलिमचा दुसरा, कल चाचणीचा पेपर) इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ मधे दिल्लीत आंदोलन पेटलं, तेव्हा त्या प्रश्नांचे मार्क मेरिटला धरणार नाही असं सरकारने सांगितलं, आणि २०१५ पासून सीसॅटच ३३ टक्क्यांचा क्वालिफाइंग झाला. युपीएससीला मराठी माध्यम घेणाऱ्याला उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखत पण मराठीत देता येते, पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका हातात पडते ती इंग्रजी आणि हिंदीतलीच.