जुन्या स्पोर्ट्स कारचा मास्टर सिलिंडर: बदलण्याआधीची पार्श्वभूमी

ब्रेकवर पाय ठेवून गाडी उभी आहे आणि पेडल हळूहळू खाली बसत चाललंय. पेडल पुन्हा दाबलं की वर येतं, पुन्हा बसतं. चाकांपाशी, नळ्यांपाशी कुठेही गळती नाही. असं असेल तर दोष बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरमध्येच असतो, म्हणजे पेडलच्या जोरावर ऑइल दाबून चाकांकडे पाठवणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये. आतलं रबरी वॉशर दाब धरत नाही आणि ऑइल त्याच्या कडेनं मागे निसटतं. सिलिंडर काढून नवा बसवणं हे तसं फार मोठं काम नाही. अडचण येते ती नवा सिलिंडर निवडताना. बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) किती, आत झडप आहे की नाही, ऑइल कोणतं, सर्किट (ऑइलच्या नळ्यांचं स्वतंत्र जाळं) एक की दोन, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गाडी कोणत्या काळात बनली त्यावर ठरतं. म्हणून या लहानशा ओतीव नळीचा इतिहास आधी माहीत असलेला बरा.

मुळात ब्रेक तारांनी आणि दांड्यांनी ओढले जात. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणात ठेवणं जिकिरीचं होतं. एक सैल पडली की गाडी बाजूला खेचली जाई. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सिद्धांत सतराव्या शतकापासून ठाऊक होता. तो मोटारीच्या ब्रेकला लावला माल्कम लॉगहेड या अमेरिकी माणसानं, १९१७ च्या सुमारास. हा विमानं बनवणाऱ्या भावंडांपैकी एक. आडनावाचा उच्चार लोक चुकीचा करत म्हणून त्यांनी ते लॉकहीड असं लिहायला सुरुवात केली, आणि ब्रेक सिलिंडरवर हेच नाव कोरलं गेलं.

१९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग या अमेरिकी कंपनीच्या गाड्या चारही चाकांना हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक लावून ल मांला फ्रेंच ग्रां प्रीत उतरल्या आणि जिमी मर्फीनं ती शर्यत जिंकली. त्याच कंपनीची रस्त्यावरची मॉडेल ए हेच ब्रेक घेऊन विकली गेली. पण सुरुवातीची चामड्याची वॉशरं गळत. १९२४ च्या क्रायस्लर सिक्ससाठी तिथल्या अभियंत्यांनी रबरी कप, म्हणजे वाटीच्या आकाराची वॉशरं, वापरले, आणि माझ्या मते ब्रेकच्या इतिहासातला खरा टप्पा तोच. दाब पोचवण्याची कल्पना जुनीच होती, दाब धरून ठेवणारं वॉशर नवं होतं. आजही आपण मास्टर सिलिंडर बदलतो तो या कपापायी.

तरी सगळ्यांचा विश्वास लगेच बसला नाही. फोर्डनं १९३९ पर्यंत दांड्याच वापरल्या. एत्तोर बुगाती यांनीही केबल सोडून हायड्रॉलिककडे यायला १९३८ पर्यंत वेळ लावला. त्यांची भीती निराधार नव्हती. एका नळीला चीर गेली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो.

ब्रिटनमध्ये लॉकहीडचा परवाना ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्सकडे होता. समोर गर्लिंग होतं, जे आधी यांत्रिक ब्रेकसाठी नावाजलेलं आणि पुढे हायड्रॉलिककडे वळलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा या दोघांपैकी एकाचाच सिलिंडर सापडतो, आणि दोघांची रचना वेगळी आहे. लॉकहीडमध्ये टाकीतून बोअरमध्ये उतरणारं एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सुटलेलं असताना ते उघडं राहतं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जाऊ शकतं. पिस्टन पुढे सरकला की कप ते भोक ओलांडतो आणि तिथून दाब सुरू होतो. गर्लिंगच्या सेंटर व्हॉल्व्ह प्रकारात हे भोकच नाही. त्याऐवजी पिस्टनच्या टोकाशी जोडलेली एक छोटी झडप बंद होते. दोन्ही प्रकारांत पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, म्हणून पुशरॉडला (पेडलपासून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) थोडी मोकळीक ठेवण्याचा नियम पाळावाच लागतो. रॉड किंचित लांब पडला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीची वाट उघडत नाही, आणि पाच-दहा मैलांत ब्रेक आपोआप आवळत जातात. नवा सिलिंडर बसवल्यावर ब्रेक जाम होऊ लागले तर सिलिंडरला दोष देण्याआधी ही मोकळीक तपासावी.

सिलिंडरची जागाही बदलत गेली. एमजी टीसी, टीडी यांसारख्या गाड्यांत तो चालकाच्या पायाखाली, चॅसिसला लावलेला असे. ऑइल भरायचं तर फरशीची पट्टी उचला, आणि रस्त्याचं पाणी-चिखल सगळं त्याच्यावर. एमजीएमध्ये तो वर, इंजिनच्या खोलीत आला, पण ब्रेक आणि क्लच यांचे दोन बोअर एकाच ओतीव डब्यात. एकाचं वॉशर गेलं तरी डबा अख्खाच उतरवावा लागतो. तेव्हा दोन्हीकडचं किट (नव्या वॉशरांचा संच) एकदमच टाकावं.

तोवर ब्रेक ड्रमचे होते, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबले जात. मग डिस्क आल्या, ज्यात फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. १९५३ मध्ये जग्वार सी-टाइपनं डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ल मां जिंकलं, तिथे ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी पहिल्यांदाच गाठली गेली. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ पुढच्या गर्लिंग डिस्कसह विक्रीला आली. मास्टर सिलिंडरच्या दृष्टीनं ही मोठी उलथापालथ होती. ड्रमचे ब्रेक शू फिरत्या ड्रममुळे स्वतःच आणखी आवळले जातात. डिस्कला ती मदत नाही, तिला जास्त दाब लागतो, आणि त्यातूनच सर्वोची, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या यंत्रणेची, गरज पुढे आली. दुसरं असं की ड्रमच्या सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब अडवून ठेवणारी झडप असे, कारण शूच्या स्प्रिंगा पिस्टन मागे ढकलत. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात. तिथे ही झडप राहिली तर पॅड डिस्कला घासतच राहतात. बाहेरून हुबेहूब दिसणारा ड्रमवाल्या गाडीचा सिलिंडर डिस्कवाल्या गाडीला लावून लोक इथेच फसतात.

बोअरचंही तसंच. ०.७० इंच आणि ०.७५ इंच हा फरक हातात घेतल्यावर कळतही नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे मोठ्या बोअरचं क्षेत्रफळ जवळपास १५ टक्क्यांनी जास्त भरतं. पेडल तेवढं घट्ट लागतं, आणि तोच ब्रेक मिळवायला पायाला तेवढाच जास्त जोर लागतो. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक, हा समज चुकीचा आहे.

दोन सर्किटं हा एका नळीला चीर गेली की सगळे ब्रेक जाण्याच्या त्या जुन्या भीतीवरचा उपाय. जग्वार ई-टाइपला १९६१ पासूनच पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळे मास्टर सिलिंडर होते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना विभागलेली ब्रेक व्यवस्था सक्तीची झाली, आणि तिथे जाणाऱ्या एमजीबीला दोन पिस्टनांचा सिलिंडर मिळाला. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या एमजीबी पुढेही काही वर्षं एकाच सर्किटवर धावल्या. म्हणून एमजीबीसाठी सिलिंडर मागवताना नुसतं वर्ष सांगून भागत नाही, गाडी मूळची कुठल्या बाजारातली तेही पाहावं लागतं. गाडीचं मूळपण जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, तरी रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दुहेरी सर्किट लावण्याच्या बाजूनंच माझं मत पडेल. फक्त नळ्यांची विभागणी आणि बोअर नीट हिशेबानं करायला हवेत.

ऑइलचा इतिहास वॉशरच्या रबरात अडकलेला आहे. सुरुवातीची ऑइलं एरंडेल आणि अल्कोहोल यांची असत. नैसर्गिक रबराला एरंडेल चालतं, खनिज तेल चालत नाही. त्यात रबर फुगतं. पुढे ग्लायकॉलवर आधारित ऑइल आलं. डॉट या अमेरिकी मानकाच्या श्रेणींपैकी डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. पण ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषतं. ते पाणी ओतीव लोखंडाच्या बोअरला गंज चढवून बारीक खड्डे पाडतं. वर हेच ऑइल सांडलं तर रंग सोलून काढतं. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंगाला धक्का लावत नाही, म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्यांमध्ये ते आवडीचं झालं. मात्र ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे हवा काढताना घाई चालत नाही.

खड्ड्यांमुळेच आणखी एक गोष्ट घडते. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच फिरतो आणि तेवढाच भाग घासून गुळगुळीत राहतो. पुढचा भाग गंजत पडलेला असतो. नळ्यांतली हवा काढायला कुणी पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्या गंजावरून जातो आणि फाटतो. चाकाचं सिलिंडर बदलल्यावर आठवड्याभरात मास्टर सिलिंडर जातो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नुसतं किट टाकून उपयोग नाही. पण मूळ बॉडी फेकूही नये. तिच्यात स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह (आतून बसवायची पातळ नळी) बसवून घेता येते. लॉकहीड प्रकारात मग ते बारीक भोक स्लीव्हमधून त्याच जागी पुन्हा पाडावं लागतं, आणि आतल्या बाजूची कड साफ करावी लागते, नाहीतर पहिल्याच दाबात नवा कप कापला जातो. सिलिंडर गाडीवर चढला, ऑइल भरलं, की टाकीचं झाकण उघडं ठेवून रंगावर फडकं टाकावं आणि पेडल अगदी हलकेच दाबायला सांगावं. ऑइलच्या पृष्ठावर एक छोटी कारंजी उसळली तर भोक मोकळं आहे.