ब्याऐंशी टक्के एकमत, किंमत शून्य

‘सोशल मीडियावरच्या एक लाख पोस्ट तपासल्या, बहुतेक लोक संतापलेले’ अशा धर्तीच्या बातम्या हल्ली सारख्या दिसतात. सोबत लाल-हिरवा आलेख असतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘विश्लेषण : एआय’. मी आलेखाकडे नंतर बघतो. आधी शोधतो ते हे, की ‘संताप’ म्हणजे नेमकं काय धरलं होतं? आणि त्याच पोस्ट दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचल्या असत्या, तर दोघांनाही संताप त्याच पोस्टमध्ये सापडला असता का? बातमीत याचं उत्तर जवळजवळ कधीच नसतं.

मजकूर पद्धतशीर तपासण्याच्या या विद्येला संज्ञापनशास्त्रात आशय विश्लेषण म्हणतात. बोलताना सगळे कंटेंट ॲनालिसिसच म्हणतात. तिच्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की शब्द मोजले म्हणजे काम झालं. हा गैरसमज निदान अडीचशे वर्षं जुना आहे. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये ९० भक्तिगीतांचा एक संग्रह लोकप्रिय झाला. सरकारी सेन्सॉरच्या हाताखालून तो गेलेला होता, तरी अधिकृत चर्चच्या शिकवणीला ही गाणी सुरुंग लावतात अशी ओरड सुरू झाली. मग विद्वान मंडळी कामाला लागली. एका गटाने गाण्यांतली धार्मिक प्रतीकं मोजली आणि धोका आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या गटाने तीच प्रतीकं चर्चच्या मान्यताप्राप्त गीतसंग्रहात मोजून दाखवली, म्हणजे फरक काहीच नाही! तेव्हा कुणीतरी मुद्द्यावर बोट ठेवलं : प्रतीकं तीच आहेत, पण ती ज्या संदर्भात येतात तो वेगळा आहे, म्हणून अर्थही वेगळा. मोजदाद बिनचूक असूनही वाद सुटला नाही, कारण काय मोजायचं हेच ठरलेलं नव्हतं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९१० साली फ्रँकफर्टला भरलेल्या पहिल्या जर्मन समाजशास्त्र परिषदेत माक्स वेबरने वर्तमानपत्रांच्या अभ्यासाची मोठी योजना मांडली. सुरुवात करायची ती कात्री आणि कंपास हातात घेऊन, म्हणजे मजकूर कापून आणि मोजून, असं त्याचं म्हणणं. योजना तडीस गेली नाही. दोन महायुद्धांनी प्रचाराच्या अभ्यासाला जोर आणला आणि १९५२ मध्ये बर्नार्ड बेरेल्सनने या पद्धतीची व्याख्या केली : संवादातल्या व्यक्त आशयाचं वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन. त्याच सुमारास झीगफ्रीड क्राकावरने उलट बाजू लावून धरली, की खरी गंमत ओळींच्या मधल्या जागेत असते आणि ती मोजपट्टीला लागत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटण्याची गरजही नाही.

प्रत्यक्षात काम चालतं ते असं. समजा, अपघातांच्या बातम्यांची १०० शीर्षकं घेतली आणि प्रश्न ठरवला : शीर्षकात कुणाला दोष दिला आहे का? उत्तर हो किंवा नाही. हे उत्तर देणाऱ्याला कोडर म्हणतात आणि उत्तर कसं द्यायचं याच्या लेखी नियमांना कोडबुक. प्रश्न पोरखेळ वाटतो ना? मग हे शीर्षक घ्या : ‘पूल कोसळला, चौकशीचे आदेश’. एक कोडर म्हणेल, चौकशी लावली म्हणजे कुणीतरी चुकलंच आहे, तेव्हा हो. दुसरा म्हणेल, दोष कुणावर ठेवलाय ते दाखवा, नाहीतर नाही. दोघंही समंजस आहेत. म्हणून कोडबुकमध्ये नियम येतो : ‘दोषी व्यक्ती किंवा संस्था शीर्षकातच हवी, वाचणाऱ्याने तर्काने काढलेला दोष धरू नये.’ सुटलं? नाही. पुढचं शीर्षक आहे ‘भरधाव ट्रकने दुचाकीस्वाराला चिरडले’. ट्रक ही व्यक्ती नाही, संस्थाही नाही. पण ‘भरधाव’ हा शब्द चालकाकडेच बोट दाखवतो. आणि त्याच अपघाताचं दुसऱ्या पेपरातलं शीर्षक ‘ट्रकखाली येऊन दुचाकीस्वाराचा मृत्यू’ असेल, तर चालक वाक्यातून गायबच झाला. मरण तेच, पण व्याकरणाने जबाबदारी सरकवली. अशा बारकाव्यांसाठी नियमांना पोटनियम जोडत जावे लागतात. माझ्या मते अर्धंअधिक संशोधन या पोटनियमांमध्येच घडतं.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. दोन कोडरांनी एकमेकांशी न बोलता १०० शीर्षकं तपासली आणि ८२ ठिकाणी दोघांचं उत्तर सारखं आलं. ८२ टक्के एकमत! परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. पण थोडं आत डोकावू. समजा, दोघांनीही प्रत्येकी १० शीर्षकांना ‘हो’ आणि ९० शीर्षकांना ‘नाही’ म्हटलं. ८१ शीर्षकांवर दोघंही ‘नाही’ म्हणाले, एका शीर्षकावर दोघंही ‘हो’ म्हणाले. उरलेल्या १८ पैकी ९ ठिकाणी फक्त पहिला ‘हो’ म्हणाला आणि ९ ठिकाणी फक्त दुसरा.

आता कल्पना करा, दोघांनी शीर्षकं वाचलीच नाहीत. प्रत्येकाने एका डब्यात ९० ‘नाही’च्या आणि १० ‘हो’च्या चिठ्ठ्या टाकल्या आणि डोळे मिटून शीर्षकागणिक एकेक काढली. दोघांचीही चिठ्ठी ‘नाही’ निघण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. दोघांचीही ‘हो’ निघण्याची ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१. बेरीज ०.८२. म्हणजे शुद्ध आंधळेपणाने सरासरी जितकं एकमत झालं असतं, तितकंच आपल्या सुशिक्षित, प्रशिक्षित कोडरांचं झालं. वाचण्याने काडीचीही भर पडली नाही.

जेकब कोहेनने १९६० मध्ये हीच वजाबाकी सूत्रात बसवली, त्याला कप्पा म्हणतात (कपाटातला नव्हे, ग्रीक अक्षराचं नाव). प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचं एकमत वजा करा आणि योगायोगापलीकडे जास्तीत जास्त जितकं एकमत शक्य होतं, त्याने भागा. वरच्या उदाहरणात ०.८२ वजा ०.८२, म्हणजे कप्पा शून्य. आता शीर्षकं अशी निवडली, की दोघंही ५० ना ‘हो’ आणि ५० ना ‘नाही’ म्हणतात. दोघंही ‘हो’ ४१, दोघंही ‘नाही’ ४१, मतभेद १८. एकमत पुन्हा ८२ टक्केच. पण आता योगायोगाचा वाटा फक्त ०.५, म्हणून कप्पा ०.३२ भागिले ०.५, म्हणजे ०.६४. टक्केवारी तीच असताना एकीकडे पदरात शून्य पडलं आणि दुसरीकडे बऱ्यापैकी माल.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस थोडा चिडतो. मीही चिडलो होतो. ८१ ठिकाणी दोघं ‘नाही’ म्हणाले त्याचं श्रेय का नाही, म्हणून. उत्तर पहिल्या उदाहरणातच आहे. निदान एकाने तरी ‘हो’ म्हटलं अशी शीर्षकं किती? १९. त्यांपैकी दोघांनाही दोष दिसला अशी किती? एक. आपण शोधायला निघालो होतो ते दोषारोप, आणि त्याच्याबद्दल या दोघांचं जवळपास काहीच जुळत नाही. कप्पा दुर्मीळ गोष्टींच्या बाबतीत फार कडक मास्तर आहे अशी तक्रार संख्याशास्त्रज्ञही करतात आणि ती अगदीच खोटी नाही. पण मास्तर बदलण्याआधी कोडबुक पुन्हा वाचावं, असं मला वाटतं.

योगायोगाला कमी लेखण्याची सवय फक्त संशोधकांना नाही. धर्मग्रंथातलं दर अमुकावं अक्षर उचललं की भविष्यातल्या हत्या वाचता येतात, असा दावा १९९७ मध्ये जगभर गाजला होता. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने तीच युक्ती ‘मोबी डिक’ या देवमाशावरच्या इंग्रजी कादंबरीवर चालवली, आणि त्यातून इंदिरा गांधींच्या हत्येचं ‘भाकीत’ काढून दाखवलं. लांबलचक मजकूर आणि शोधण्याची मोकळीक दिली की काहीही सापडतं. नावातल्या अक्षरांची बेरीज करून नशीब सांगणाऱ्यांचा धंदाही याच मोकळिकीवर चालतो.

परत कोडरांकडे. कोहेनच्या आधी, १९५५ मध्ये विल्यम स्कॉटने ‘पाय’ या ग्रीक अक्षराच्या नावाचं माप दिलं होतं. कोहेन प्रत्येक कोडरचा डबा वेगळा ठेवतो, स्कॉट दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात ओततो. क्लाउस क्रिपेन्डॉर्फचा अल्फा त्याच्याही पुढे जातो. तो एकमत मोजतच नाही, मतभेद मोजतो : प्रत्यक्ष मतभेद भागिले योगायोगाने अपेक्षित मतभेद, आणि तो भागाकार १ मधून वजा. आपल्या पहिल्या उदाहरणात डब्यात २०० चिठ्ठ्या होतात, २० ‘हो’च्या आणि १८० ‘नाही’च्या. दोन चिठ्ठ्या काढायच्या, पहिली परत न टाकता. त्या वेगळ्या निघण्याची शक्यता २ गुणिले २० गुणिले १८०, भागिले २०० गुणिले १९९. म्हणजे सुमारे ०.१८०९. प्रत्यक्ष मतभेद ०.१८. म्हणून अल्फा जेमतेम ०.००५, शून्याच्या केसभर वर. ‘परत न टाकता’ या तीन शब्दांमुळे नमुना लहान असल्याचा हिशेब आपोआप होतो, हे मला अजूनही देखणं वाटतं. शिवाय उत्तर ‘हो-नाही’ऐवजी १ ते ५ असं संतापाच्या पायऱ्यांत असेल, तर अल्फा अंतराचा वर्ग धरू शकतो : ४ आणि ५ मधला मतभेद १ धरला जातो, १ आणि ५ मधला १६. कोडर दोनच्या जागी पाच असोत, कुणाची काही उत्तरं राहून गेलेली असोत, गाडी अडत नाही. निष्कर्षांवर विसंबायचं तर अल्फा ०.८ हवा, ०.६६७ च्या खाली असेल तर तात्पुरते निष्कर्षही काढू नयेत, असा क्रिपेन्डॉर्फचा दंडक आहे. (इथपर्यंत धीराने आला असाल तर सूत्रं संपली.)

यात एक लबाडी सर्रास चालते. कोडर मतभेदांवर चर्चा करून एकमेकांची समजूत घालतात आणि मग अहवालात १०० टक्के एकमत लिहितात. चर्चा जरूर करावी, पण आकडा चर्चेच्या आधीचा द्यावा.

मग हे सगळं यंत्रावर का सोपवू नये? १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये फिलिप स्टोन आणि सहकाऱ्यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ हा प्रोग्रॅम केला : शब्दकोशात शब्दांवर शिक्के मारायचे आणि संगणकाने ते मजकुरात मोजायचे. यंत्र कंटाळत नाही, तोच मजकूर दहादा दिला तरी तेच उत्तर देतं. पण तेच उत्तर पुन्हा देणं म्हणजे बरोबर उत्तर देणं नव्हे. २०११ मध्ये टिम लॉफरन आणि बिल मॅकडोनाल्ड यांनी हार्वर्डच्या शब्दकोशातली नकारात्मक शब्दांची यादी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांना लावून तपासली. यादीतले जवळपास तीन चतुर्थांश शब्द आर्थिक लिखाणात नकारात्मक नसतातच, असं निघालं. ‘कर’, ‘खर्च’, ‘दायित्व’ हे तिथले रोजचे शब्द. त्यांत नैराश्य कुठलं? मराठीत तर अडचण आणखी वेगळी. ‘वाईट नाही’ ही दाद असते, आणि ‘वा, काय सुंदर काम केलंय’ हे वाक्य कोसळलेल्या पुलाच्या फोटोखालीही येतं.

आजची भाषा-मॉडेलं उपरोध पुष्कळदा ओळखतात, हे मान्य. तरी मी त्यांना नव्याने रुजू झालेला कोडर समजतो. माणसांनी आधी स्वतंत्रपणे तपासलेला मजकूर त्यांच्यापुढे ठेवायचा आणि योगायोग वजा करून किती जुळतं ते पाहायचं. एका मॉडेलचं दुसऱ्या मॉडेलशी पटलं, हा पुरावा मला लंगडा वाटतो. दोघं बऱ्याच अंशी सारखाच मजकूर वाचून वाढलेली असतील, तर चुकाही सारख्याच करू शकतात.

जाहिरातीत मात्र ‘९५ टक्के अचूक’ एवढंच ठळक छापलेलं असतं. समजा, १०० पोस्टपैकी ५ पोस्टमध्येच धमकी आहे. एकही पोस्ट न उघडता सगळ्यांवर ‘धमकी नाही’ असा शिक्का मारणारा प्रोग्रॅम ९५ टक्के अचूकच ठरतो. त्याचा कप्पा शून्य असतो, आणि त्या पाच धमक्या तशाच पडून राहतात.