एएफएलचा अखेरचा ऑल-स्टार सामना

अमेरिकन फुटबॉल लीग (एएफएल) या व्यावसायिक लीगचा शेवटचा सामना १७ जानेवारी १९७० रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये झाला. इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा अमेरिकन खेळ. पूर्व आणि पश्चिम विभागांतील निवडक खेळाडूंच्या या लढतीत पश्चिमेने २६–३ अशी सहज बाजी मारली. सान डिएगो चार्जर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जॉन हॅडल सामन्याचा मानकरी ठरला. यजमान शहराचा ह्यूस्टन ऑयलर्स हा संघ पूर्व विभागातला, त्यामुळे घरच्या प्रेक्षकांच्या पदरी जेमतेम ते तीन गुण पडले. खेळ म्हणून सामना एकतर्फीच झाला. तो लक्षात राहिला तो लीगचा शेवटचा म्हणून.

टेक्सासचे उद्योजक लामार हंट यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये स्थापन झालेली एएफएल १९६० पासून आठ संघांनिशी खेळू लागली. जुन्या नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) तिला बराच काळ दुय्यम मानले. विलीनीकरणाचा करार १९६६ मध्ये झाला, तरी दोन्ही लीग १९६९ च्या हंगामापर्यंत वेगळ्याच खेळत होत्या. ह्यूस्टनच्या सामन्याआधी सहाच दिवस कॅन्सस सिटी चीफ्सने चौथ्या सुपर बोलमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या लढतीत, एनएफएलच्या मिनेसोटा वायकिंग्जला २३–७ असे हरवले होते, तेही एएफएलच्या दहा वर्षांचे चिन्ह गणवेशावर मिरवत. आदल्या वर्षीचा सुपर बोलही एएफएलच्याच न्यू यॉर्क जेट्सने जिंकला होता. लीग बुडाली असे म्हणणे म्हणूनच चुकीचे. तोवर दहा झालेले तिचे सगळे संघ एनएफएलमध्ये गेले.

निवडक खेळाडूंचे हे ऑल-स्टार सामने जानेवारी १९६२ मध्ये सुरू झाले. नऊपैकी सहा पश्चिमेने जिंकले, दोन पूर्वेने. उरलेल्या एका सामन्यात, जानेवारी १९६६ मध्ये, विजेत्या बफेलो बिल्सची गाठ इतर संघांच्या निवडक खेळाडूंशी घालण्यात आली आणि बिल्स हरले.

या मालिकेतला खरा महत्त्वाचा प्रसंग मात्र जानेवारी १९६५ चा. सामना न्यू ऑर्लिन्सला ठरला होता. तिथे उतरलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाले गाडीत घेईनात, क्लबांचे दरवाजे त्यांच्या तोंडावर बंद झाले. त्यांनी खेळायला साफ नकार दिला. लीगचे आयुक्त जो फॉस यांनी ऐनवेळी सामना ह्यूस्टनला हलवला. अन्यायाविरुद्ध खेळाडू एकजुटीने उभे राहिले की काय घडू शकते, ते अमेरिकी क्रीडाविश्वाने त्या आठवड्यात पाहिले.

विलीनीकरणात एएफएलच्या काही चालीरीती टिकल्या, काही गेल्या. गणवेशाच्या पाठीवर खेळाडूचे नाव लिहिण्याची पद्धत एनएफएलने लगेच उचलली. टचडाउननंतर लाथेने एक गुण मिळवण्याऐवजी चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेऊन दोन गुण घेण्याची मुभा मात्र रद्द झाली, ती थेट १९९४ मध्ये परत आली. दोन्ही लीगच्या खेळाडूंचा पहिला एकत्रित प्रो बोल, म्हणजे एनएफएलचा निवडक खेळाडूंचा सामना, जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला झाला. विलीन झालेल्या लीगचे आता दोन गट होते. त्यात जुन्या एनएफएल संघांच्या एनएफसी (नॅशनल फुटबॉल कॉन्फरन्स) गटाने, एएफएलचे दहाही संघ ज्यात गेले त्या एएफसी (अमेरिकन फुटबॉल कॉन्फरन्स) गटाला २७–६ असे हरवले.