काडतूस भरायचं मशीन नको, दहा मीटर जागा शोधा

(दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, बीड)

मोबाईलवर व्हिडिओ पाहून कुणी ना कुणी येतंच. "मालक, ते काडतूस भरायचं मशीन भेटंल का? घरीच भरलं तर स्वस्तात पडतंय." विचारणारे बहुतेक बारा बोअरचा पीक संरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, नाहीतर फौजेतून निवृत्त झालेले. एकानं तर सुनावलं, आजोबा ठासणीच्या बंदुकीत दारू स्वतःच भरायचे की!

भरायचे, खरं आहे. पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथं उडालेलं पितळी टरफल जपून ठेवतात, त्याच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी बदलतात, दारू तोलून घालतात, वर गोळी बसवतात. त्याला हाताचा प्रेस, त्या-त्या मापाचे डाय म्हणजे साचे आणि ग्रेनमध्ये तोलणारा काटा लागतो. ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा हिस्सा. तोलण्यात चूक झाली तर बंदूक फुटू शकते, आणि ती तेव्हा आपल्या गालाला टेकलेली असते.

कायद्याचं तर आणखी सरळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं येतात. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आम्ही ते मशीन विकत नाही, मागवूनही देत नाही. कृपया आग्रह नको.

तुम्हाला हवा असतो स्वस्तातला सराव. त्याला छऱ्याची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बंदूक पुरते. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची, छऱ्याचा जोर २० जूलच्या आत असलेली घेतली तर परवाना लागत नाही. आम्ही ओळखपत्र पाहून नोंद मात्र ठेवतो. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते याच मापाच्या छऱ्यावर, १० मीटरवरून.

१० मीटर म्हणजे ३३ फूट. वाड्याची लांब ओसरी किंवा गोदामाचा रिकामा पट्टा चालतो, फक्त निशाण्याच्या मागं दार, खिडकी, वाट नको. कागदी निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर लावा. काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटर, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! पहिल्या दिवशी काळ्यात लागलं तरी पुष्कळ.

छर्रे अडवायला आम्ही स्वतः वापरतो तो डबा सांगतो. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या, एक बाजू कापा, मागं जाड लोखंडी पत्रा बसवा आणि पुढं जुन्या गोधडीच्या चिंध्या घट्ट ठासा. छर्रा चिंध्यांत शिरला की 'थप' वाजतं. 'टण' ऐकू आलं की थांबा, चिंध्या फाटल्या आहेत. उघड्या दगडाविटांवर कधीच मारू नका, छर्रा उलटून येतो. चष्मा घालाच.

पैसे दुर्बिणीवर घालू नका. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका पुढं आणि मागं दोन्हीकडे बसतो, स्वस्त दुर्बीण त्यात खिळखिळी होते. तेच पैसे सपाट तोंडाच्या चांगल्या छऱ्यांवर घाला, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजता येतात. छर्रा न घालता चाप ओढू नका, आतला दट्ट्या आपटून स्प्रिंग जाते. बंदूक ताणून ठेवूनही जेवायला जाऊ नका. छर्रे शिशाचे असतात, भाकरीला हात लावण्याआधी साबणानं धुवा.

पाखरांवर नेम धरायचा असेल तर आमच्याकडे येऊच नका. नायगावचं मोरांचं अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि मोर शेतात आला तरी त्याला कायद्याचं संरक्षण असतं.

घरात जुनी छऱ्याची बंदूक पडून असेल तर नवी घेण्याआधी ती घेऊन या. बऱ्याचदा स्प्रिंग आणि वॉशर बदललं की काम भागतं. आणताना रिकामी आणि पिशवीत गुंडाळून आणा, खांद्यावर टाकून बाजारातून नको.